नाशिकच्या शेततळ्यात शिंपले: कागदांची सुरुवात कुठून करायची

शिंपले पाळायचे म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो: याचा परवाना कुठे काढायचा? स्वतःच्या शेततळ्यात मोत्यांसाठी गोड्या पाण्यातले शिंपले पाळायला ‘शिंपलेपालन परवाना’ असा एकच एक कागद नसतो. म्हणून काहीजण समजतात की नियमच नाहीत, आणि काहीजण कुणा एजंटाला पैसे देऊन रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. दोघांचीही अडचण पुढे एकाच जागी होते. नियम तुम्हाला ‘शिंपलेवाला’ म्हणून धरत नाहीत. ते जमीन कुणाची, पाणी कुठलं आणि शिंपला कुठून उचलला, या तीन प्रश्नांवर धरतात. या तिन्हींचे कागद कुठल्या क्रमाने काढायचे, ते पुढे सांगतो.

नाशिकपुरतं वेळापत्रक आधी मनात ठेवा: कागद पावसाळ्यात, शिंपले थंडीत. द्राक्षवाल्याला ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत तहसीलच्या पायऱ्या चढायला सवड नसते. मोती धरावा म्हणून शिंपल्यात मणी घालायची शस्त्रक्रियाही कडक उन्हाळ्यात मानवत नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने कार्यालयांसाठी राखून ठेवलेत तर डिसेंबर-जानेवारीत तळ्यात शिंपल्यांच्या पिशव्या टांगता येतात.

पाणी कुठलं वापरणार ते आधी ठरवा

पर्याय तीन. स्वतःचं शेततळं, गावाचं तळं किंवा पाझर तलाव, आणि धरणाचं बॅकवॉटर. नवख्याने पहिल्यावरच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गावतळं किंवा पाझर तलाव ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतो. तिथे मासेमारीचा ठेका आधीच कुणाकडे असेल तर पाण्यात बांबू रोवण्याआधीच भांडण उभं राहतं. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि तो बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेला ठराविक मुदतीसाठी मिळतो. एकट्या शेतकऱ्याने तिथे शिरायचं म्हणजे संस्थेचा सभासद व्हायचं किंवा संस्थेशी लेखी करार करायचा. शिवाय टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरात ते सोडलं होतं. बॅकवॉटर उतरलं की टांगलेल्या पिशव्या चिखलात. गंगापूरसारख्या शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणाचा विचारही नको, तिथे सुरक्षेचे निर्बंध आहेत.

शेततळ्यात किती मावतं, तेही आत्ताच पाहून घ्या. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे, सगळे तिला ‘सीफा’ म्हणतात. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र आपल्याकडे तिथेच बसवलं गेलं. तिथल्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी २०,००० ते ३०,००० शिंपले ठेवायचे. ३० बाय ३० मीटरचं शेततळं म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यात १,८०० ते २,७०० शिंपले बसतात. नायलॉनच्या जाळीदार पिशवीत दोन-दोन घालून बांबूला किंवा पीव्हीसी पाइपला साधारण मीटरभर खोल टांगायचे आणि १२ ते १८ महिने थांबायचं. कुणी ‘तुमच्या तळ्यात दहा हजार सहज बसतात’ म्हणालं, तर तो शिंपले विकायला आलाय हे ओळखा.

समुद्राचे नियम इथे लावू नका

इंटरनेटवर शोधलं की चेन्नईच्या कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर अथॉरिटीच्या (सीएए) नोंदणीबद्दल पानंच्या पानं सापडतात. २००५ च्या कायद्याने ती स्थापन झाली, आणि २०२३ च्या दुरुस्तीने कालवं, शिंपले, समुद्री मोती असे प्रकारही तिच्या कक्षेत आले. पण ती किनारपट्टीसाठी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाडीत कालवं पाळणाऱ्याला ती लागते, सिन्नरच्या शेततळ्याला नाही. ‘सीएए नोंदणी करून देतो’ असं सांगून नाशिकमध्ये कुणी फी मागितली तर चहा पाजून परत पाठवा.

पहिली पायरी: जमिनीचे कागद

७/१२, ८अ आणि शेततळ्याची नोंद, एवढंच लागतं. पण इथेच बरेचजण अडकतात. शेततळं कृषी विभागाच्या योजनेतून घेतलं असेल तर ७/१२ वर त्याची नोंद असायला हवी. अनेकांनी तळं खोदलं, अनुदान घेतलं आणि नोंद राहूनच गेली. तलाठ्याकडे (२०२४ पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात) अर्ज करा, अर्जाला तळ्याचा फोटो आणि कृषी विभागाचं मंजुरीपत्र जोडा. मंजुरीपत्रातल्या अटीही तेव्हाच वाचून घ्या. तळं कशासाठी दिलंय ते त्यात लिहिलेलं असतं.

खातं सामाईक असेल तर भावांचं, बहिणींचं संमतीपत्र आत्ताच घ्या. तळ्यात चार पैसे दिसायला लागल्यावर ते मिळायला वेळ लागतो.

नवं तळं खोदणार असाल तर निघालेला मुरूम-माती स्वतःच्याच शेतात, बांधावर वापरा. ट्रॅक्टर भरून बाहेर विकायला निघालात की ते गौण खनिज ठरतं. त्याला स्वामित्वधन आणि तहसीलदारांचा वाहतूक परवाना लागतो. विनापरवाना सापडलात तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. मोत्यांच्या हिशोबात हा दंड बसत नाही.

दुसरी पायरी: पाणी

इथे जरा सावकाश चला, कारण शिंपल्यांचं पाणी द्राक्षांच्या पाण्यासारखं नसतं. बागेला ताण देता येतो. शिंपला दीड वर्ष पाण्यातच राहतो, आणि मे महिन्यात तळं तळाला गेलं की सगळं संपलं. मे-जूनमध्ये तळ्यात किमान दीड-दोन मीटर पाणी टिकेल की नाही, याचा विचार परवान्याच्याही आधी करा. टिकणार नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आता तळं कशाने भरता ते पाहा.

विहीर-बोअरवर भरत असाल तर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ लागू होतो. ६० मीटरपेक्षा खोल गेलात की ती ‘खोल विहीर’ ठरते आणि तिच्यावर निर्बंध आहेत. गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही. तळं भरण्यासाठी नवं बोअर पाडायचं असेल तर हे अंतर आधी मोजा. उन्हाळ्यात गावाला टँकर लागला की सगळ्यांची नजर तुमच्या भरलेल्या तळ्याकडेच जाते, आणि तक्रार तिथूनच सुरू होते.

कालव्यावरून भरत असाल तर पाणी मागणीचा अर्ज, म्हणजे आपला नमुना नंबर ७, भरलेला असायला हवा आणि मागची पाणीपट्टी चुकती हवी. वाघाडसारख्या प्रकल्पावर कारभार शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे आहे, तिथे संस्थेच्या सचिवाशी बोलणं शाखा अभियंत्याइतकंच महत्त्वाचं. अर्जात पीक एक आणि पाण्याचा उपयोग दुसराच, असं करू नका. तळ्यातलं पाणी शेवटी बागेलाच जातं, शिंपले मधल्या काळात त्यात राहतात. हीच वस्तुस्थिती अर्जात साध्या शब्दांत लिहा. शिंपला पाणी पित-संपवत नाही, गाळून परत सोडतो. अधिकाऱ्याला हे समजावून सांगितलं तर बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

जिल्ह्यात कुठलं कार्यालय, हाही घोळ असतो. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या खोऱ्यातले बहुतेक प्रकल्प गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे. मालेगाव-कळवण-बागलाणचं गिरणा-मोसम खोरं तापी महामंडळाकडे. कागद चुकीच्या दारात दिला तर महिना जातो.

पालखेडच्या कालव्याकाठच्या लोकांसाठी एक गोष्ट. येवला-मनमाडचं पिण्याचं आवर्तन सुटलं की पाणीउपसा थांबवण्यासाठी कालव्याकाठचा वीजपुरवठा बंद ठेवतात. त्या दिवसांत तळ्यात पाणी टाकता येणार नाही असं गृहीत धरून पातळी आधीच राखा.

नदीतून थेट उपसा करणाऱ्यांना जलसंपदा विभागाची उपसा परवानगी लागते, आणि ती बहुतेकांकडे सिंचनासाठीची असते. पण नाशिक शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीचं पाणी मोत्यांसाठी घेऊच नका. शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो. सांडपाण्यातलं जे काही असेल ते त्याच्या अंगात साठतं.

पाण्याची आणखी एक बाब कुठल्याच परवान्यात लिहिलेली नसते, पण तिच्यावाचून निफाड-दिंडोरीत शिंपले जगत नाहीत. ती म्हणजे तांबं. मोरचूद, म्हणजे तांब्याचं क्षार, गोगलगायी मारायला वापरतात, आणि शिंपला त्याच कुळातला. बागेवर बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी चालू असताना वाऱ्याने तुषार तळ्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे ब्लोअरची टाकी तळ्याच्या काठावर धुणं. त्या एका धुण्याने सगळ्या पिशव्या उघड्या तोंडाच्या मेलेल्या शिंपल्यांनी भरू शकतात. तळ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला शेडनेट बांधा. टाकी दुसरीकडे धुवा. शेजाऱ्याची बाग तळ्याला लागून असेल तर त्यांना आधीच जाऊन सांगा: “अण्णा, फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन करा, मी वरून जाळी ओढून घेतो.” कायदा इथे तुमच्या कामाला येत नाही, शेजार येतो.

तिसरी पायरी: शिंपले कुठून आणणार

नाशिकमधल्या छोट्या शेतकऱ्याची सगळ्यात जास्त अडचण याच पायरीवर होते. मोत्यासाठी वापरतात तो शिंपला, लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, नद्या-तलावांच्या गाळात सापडतो. शस्त्रक्रियेला आठ सेंटीमीटरच्या वरचा, साधारण ३५ ग्रॅमपुढचा घ्यावा लागतो. बाजारात याचं बी मिळत नाही, म्हणून बहुतेक शिंपले जंगली साठ्यातूनच उचललेले असतात. आणि उचललेला शिंपला कुणाच्या तरी हद्दीतला असतो.

जलाशयातून घेणार असाल तर ठेकेदार मच्छीमार संस्थेकडूनच, पावतीवर. जाळं टाकताना निघालेले शिंपले ‘तसेच तर फेकून देतात’ म्हणून पोतं भरून आणणारे लोक आहेत. पण ठेका मासेमारीचा असला तरी त्या पाण्यातला माल संस्थेच्या परवानगीशिवाय उचलणं म्हणजे चोरीच्या आरोपाला आमंत्रण. संस्थांना राग येण्याचं आणखी एक कारण आहे. शिंपल्याची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून जगतात, मग गाळात उतरतात. मोठे शिंपले एकदा खरवडून नेले की साठा परत उभा राहायला वर्षं लागतात.

नांदूरमध्यमेश्वर पूर्णपणे सोडा. गोदावरी-कादवा संगमावरचा हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडीच्या बाजूला गाळात शिंपले दिसतात, हात लावावासा वाटतो. पण अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. वनरक्षक समजूत घालून सोडेल अशी आशा ठेवू नका. हद्द कुठे संपते ते वनविभागाकडून नकाशावर पाहून घ्या, कारण जागेवर ती नेहमी दिसतेच असं नाही.

गावाच्या ओढ्या-नदीतून व्यापारासाठी गोळा करणार असाल तर जैवविविधता कायदा, २००२ आठवा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि व्यापारी कारणासाठी जैविक संपत्ती नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा तिला अधिकार आहे. स्थानिक लोकांना कायद्यात सवलत आहे. परगावाहून टेम्पो घेऊन आलेल्याला मात्र ती मिळेलच असं नाही. समिती बऱ्याच गावांत कागदावरच आहे, म्हणून लोक ती विसरतात. वाद झाला की मात्र तिचा ठराव सगळ्यात आधी बाहेर येतो. सरपंचांना भेटून समितीचं पत्र घ्या, मग हात घाला.

दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून विकत आणत असाल तर बिलावर एवढं लिहून घ्या: विकणाऱ्याचं नाव-पत्ता, शिंपल्याची जात, नग, कुठल्या पाण्यातले, तारीख, गाडी नंबर. ‘शिंपले नग ५००’ एवढ्यावर गप्प बसू नका. रस्त्यात कुणी पोती उघडायला लावली, किंवा पुढे अनुदानाच्या फाइलवर कुणी शंका काढली, तर हेच बिल कामाला येतं. ओल्या गोणपाटात शिंपले एक दिवसाचा प्रवास सहन करतात. आल्यावर लगेच चिरायला घेऊ नका, लिटरला एक या हिशोबाने दोन-तीन दिवस टाकीत ठेवा.

चौथी पायरी: मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंद

परवाना नसला तरी नोंद हवी, आणि ती लेखी. सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, नाशिक यांच्या नावे साधा अर्ज द्या. नमुना असा:

*विषय: स्वमालकीच्या शेततळ्यात गोड्या पाण्यातील शिंपलेपालन सुरू करत असल्याबाबत.*

*महोदय, मी (नाव), राहणार (गाव), तालुका निफाड, जिल्हा नाशिक. गट क्रमांक ___ मध्ये माझ्या मालकीचे ३० बाय ३० मीटरचे प्लास्टिक अस्तराचे शेततळे असून त्याची ७/१२ वर नोंद आहे. तळे विहिरीच्या पाण्याने भरले जाते. सदर तळ्यात ___ महिन्यापासून मोती उत्पादनासाठी सुमारे १,८०० शिंपले ठेवण्याचे नियोजन आहे. शिंपले ___ यांच्याकडून बिलावर खरेदी करण्यात येतील. कोणतीही परदेशी जात वापरली जाणार नाही. कृपया नोंद घ्यावी व आपल्या विभागाची याबाबत काही पूर्वपरवानगी आवश्यक असल्यास लेखी कळवावे. सोबत: ७/१२, ८अ, तळ्याचे छायाचित्र, आधार कार्डाची प्रत.*

‘लेखी कळवावे’ हे शब्द गाळू नका. उद्या कुणी म्हणालं की तुम्हाला अमुक परवानगी लागते, तर तुम्ही विचारलं होतं याचा पुरावा तुमच्याकडे राहतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच न घेता परत येणं म्हणजे न गेल्यासारखंच. ज्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरलेली असते. आपला अर्ज त्यात बसतो का, ते कार्यालयातल्या फलकावर पाहा.

त्याच फेरीत केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंदणी करून घ्या. हा प्लॅटफॉर्म २०२४ मध्ये सुरू झाला. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असला की काम होतं. मत्स्यपालक म्हणून तुमची ओळख तिथे तयार होते आणि पुढे कर्ज, विमा, अनुदान विचारायला गेलात की तीच विचारतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा द्यायचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज, विमा यांत त्याचा फायदा मिळावा असा हेतू आहे. महावितरणकडे जाताना त्या निर्णयाची प्रत आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाची पोच बरोबर ठेवा. खिडकीवरच्या माणसाला निर्णय माहीत असेलच असं धरून चालू नका.

पाचवी पायरी: ग्रामपंचायत

खाजगी तळ्याला ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र प्रत्येक वेळी लागेलच असं नाही, पण मी ते घ्यायलाच सांगतो. कारण व्यवहारी आहे. कधी ना कधी शिंपले मरतात, मेलेल्या शिंपल्यांना भयंकर वास येतो, आणि वासाची तक्रार ग्रामसभेतच येते. अर्जात लिहूनच टाका की मेलेले शिंपले चुना टाकून स्वतःच्या शेतात पुरेन, ओढ्यात टाकणार नाही.

पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातल्या अनुसूचित गावांत मात्र विषय वेगळा. तिथे अनुसूचित भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. गावातल्या छोट्या पाणवठ्यांचं नियोजन ग्रामसभा-पंचायतीच्या हातात आहे. गावतळ्यात काही करायचं तर आधी ग्रामसभेचा ठराव, मग बाकी सगळं. बाहेरून येऊन ‘सरपंचांना सांगितलंय’ यावर काम सुरू करणाऱ्यांचे बांबू उपटले जातात, आणि ते योग्यच आहे. दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, नाशिक या तालुक्यांतलं आपलं गाव यादीत येतं का, ते पंचायत समितीत विचारा.

सहावी पायरी: अनुदान, पण खर्चाच्या आधी

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला मंजूर प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान असा साचा आहे. घरातल्या बाईच्या नावावर जमीन असेल तर अर्ज तिच्याच नावाने करणं सरळ फायद्याचं, मात्र मग बँक खातं आणि सह्याही तिच्याच. शिंपल्यांचा घटक आपल्या जिल्ह्याच्या आराखड्यात आहे का आणि योजनेची मुदत चालू आहे का, हे कार्यालयात आधी विचारा. कार्यादेश हातात पडण्यापूर्वी केलेला खर्च सहसा धरत नाहीत. उत्साहाने जाळ्या, पाइप, शेड सगळं घेऊन बसलेला माणूस मग बिलांच्या तारखांवर अडकतो.

मत्स्यपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मिळतं. बँकवाले द्राक्षाच्या पीककर्जाशी ते गोंधळतात, म्हणून अर्जावर ‘मत्स्यव्यवसाय’ ठळक लिहा.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र फाइलला जोडलं तर वजन येतं. ते सरकारी किंवा विद्यापीठाच्या संस्थेचं असावं. सीफाची प्रशिक्षणं असतात. जवळ म्हणाल तर मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र गंगापूर-गोवर्धनला आहे, तिथे चौकशी करा. शिंपल्याचं तोंड किती उघडायचं, मणी आवरणाच्या कुठल्या बाजूला सरकवायचा, हे व्हिडिओ बघून येत नाही. तोंड एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फाकवलं तर स्नायू फाटतो आणि शिंपला आठवड्यात मरतो.

परत खरेदीची हमी देणारे

दरवर्षी कुणीतरी येतं: शिंपले आम्ही देतो, तुम्ही फक्त पाणी सांभाळा, दीड वर्षाने मोती ठरलेल्या भावाने आम्हीच घेतो, आणि ‘परवाना कंपनीच्या नावावर आहेच’. पहिली गोष्ट, तुमच्या तळ्याचा कुठलाच परवाना कंपनीच्या नावावर असू शकत नाही. दुसरी, स्टॅम्प पेपरवरचा करार म्हणजे परवाना नव्हे. तिसरी, पैसे भरून ठराविक परतावा देण्याचं वचन मिळत असेल तर ते शेतीपेक्षा ठेवीच्या जवळ जातं, आणि त्याला ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आणि अनियमित ठेवींचा २०१९ चा केंद्राचा कायदा लागू होऊ शकतो. असल्या योजनेत नातेवाइकांचे पैसे गोळा करून देणारा पुतण्याही आरोपी होऊ शकतो. शिंपले त्यांच्याकडून घ्यायचे असतील तर घ्या, पण नगावर, बिलावर आणि परताव्याच्या वचनाशिवाय.

कोळंबी पाळायची असेल तर

जंबो कोळंबी, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, शेततळ्यात चालतो. वरच्या सगळ्या पायऱ्या त्यालाही लागू. फरक दोन. बीज किनाऱ्याजवळच्या हॅचरीतून येतं, कारण सुरुवातीच्या अवस्थेत त्याला मचूळ पाणी लागतं. तेव्हा हॅचरीचं बिल जपून ठेवा. आणि व्हेनामी कोळंबीच्या मोहात पडू नका. ती परदेशी जात आहे, मत्स्यव्यवसाय विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तळ्यात सोडायची नाही. बंदी असलेला थाई मागूर मासा तर तळ्याच्या आसपासही नको. तो सापडला तर साठा नष्ट करायला लावतात.

स्वतः पाळलेली कोळंबी जशीच्या तशी विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १८(३) ची सूट आहे. सोलून, मसाला लावून, पाकिटात भरून विकलीत की अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते.

मोती विकताना

मोत्यांवर जीएसटी ३ टक्के आहे. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या विक्रीपुरती नोंदणी सहसा लागत नाही, पण परराज्यात पाठवण्याआधी सल्लागाराला विचारा. आयकरात मात्र ‘शेतीचं उत्पन्न, करमुक्त’ असं परस्पर लिहू नका. शेतीसमान दर्जा राज्याने दिलाय, आयकर कायदा केंद्राचा आहे.

सराफ बाजारात जाताना प्रत्येक पिशवीची नोंदवही बरोबर असू द्या: शिंपला कधी आणला, कधी मणी घातला, कधी काढला. गोड्या पाण्यातल्या आकृती-मोत्यांना, म्हणजे गणपती वगैरे साच्यातल्या, गोल मोत्यांपेक्षा वेगळा भाव आणि वेगळं गिऱ्हाईक असतं. त्र्यंबकेश्वर-पंचवटीतल्या दुकानदारांना आकृती-मोती दाखवून पाहा. मात्र त्यावर ‘समुद्री’ अशी चिठ्ठी कुणी लावत असेल तर आपल्या बिलावर ‘गोड्या पाण्यातील संवर्धित मोती’ असंच लिहा, आणि बिलाची प्रत आपल्याकडे ठेवा.